आईच्या गुडघ्यांबद्दल, रागवायच्या आधी पूर्ण वाचा

बेंगळुरू, रविवार

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बरं, तू जेवलास का?" म्हणून विषय बदलते आणि बाबा मध्येच स्पीकर बंद करतात. म्हणून लिहून पाठवतोय. ताई मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल, म्हणजे चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी जे करून बसलोय ते सांगतो. आषाढीनंतरची आईच्या गुडघे बदलायच्या ऑपरेशनची तारीख मी काल पुढे ढकलली. रद्द केलेली नाही, सहा महिने पुढे नेलीय. आणि सोमवारपासून आठवड्यातून तीनदा पंडित कॉलनीतल्या एक फिजिओ बाई घरी येतील. पैसे भरलेत. किती ते विचारायचं नाही.

बाबा, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. "आम्हाला न विचारता?" विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात का? आई म्हणाली असती, कशाला उगाच खर्च, आणि तुम्ही म्हणाला असतात, मग ऑपरेशनच करून टाकू, एकदाची कटकट मिटेल. तुमचं पुढचं वाक्यही पाठ आहे. अटलजींनी नाही का केलं, २००० साली ब्रीच कँडीत डावा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी उजवा, डॉ. राणावतांनी, आणि पंतप्रधानपद सांभाळलं. खरं आहे. सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये बदलायच्या सांध्याच्या किमती बांधून दिल्या, ते कात्रणही तुम्ही कपाटाला चिकटवलंय. मी ऑपरेशनच्या विरुद्ध नाही. हाडाला हाड घासायला लागलं, रात्री झोप लागेना, तर करायचंच, आणि तेव्हा मी महिनाभर सुट्टी घेऊन येईन.

पण आई अजून तिथवर गेलेली नाही. तुम्ही पाठवलेले एक्स-रे मी इथल्या दोन हाडांच्या डॉक्टरांना वेगवेगळे दाखवले. झिजेच्या हिशेबात उजवा गुडघा ग्रेड तीन, डावा दोन; चौथी ग्रेड शेवटची. दोघांनीही एकच सांगितलं: आधी मांडीत ताकद आणा, वजन उतरवा, मग सहा महिन्यांनी बघू. आपल्याकडे ज्या हॉस्पिटलात दाखवलं, तिथे दहा मिनिटांत दोन्ही गुडघ्यांचं पॅकेज हातात दिलं. आईला चार पावलं चालवून पाहिलं नाही, वजनकाट्यावर उभं केलं नाही. असल्या घाईला मी एकदम मान डोलवणार नाही. आणि उद्या ऑपरेशन करावं लागलंच, तरी मांडी मजबूत असलेली माणसं लवकर उठून चालायला लागतात. म्हणजे हे सहा महिने कुठल्याही हिशेबात वाया जाणार नाहीत.

आता आई, तुझ्याशी. हे वाचताना बाबांनी मोठ्याने वाचायचं नाही, तू स्वतः वाच.

वजनाचं बोललो की तू गप्प होतेस, ते मला कळतं. आत्याच्या घरी त्या दिवशी जे झालं ते मी विसरलेलो नाही. म्हणून आधीच सांगतो, तू जास्त खातेस म्हणून हे झालेलं नाही. तू शेवटी जेवायला बसतेस आणि उरलेलं संपवतेस, हे आम्ही लहानपणापासून पाहतोय. पाळी गेल्यावर बायकांचं वजन तसंही पोटाभोवती चढतं, त्यात गुडघा दुखायला लागला म्हणून चालणं सुटलं, चालणं सुटलं म्हणून वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून गुडघा आणखी दुखला. यात तुझा दोष कुठे आहे? पण चाक उलटं फिरवता येतं, आणि त्याला फार जोर लागत नाही. अमेरिकेत एका अभ्यासात मोजून पाहिलंय की एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तुझं वजन ७८. आठ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला बत्तीस किलोंचं ओझं कमी. तिथल्याच दुसऱ्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या साडेचारशे माणसांना दीड वर्ष पाहिलं, सगळे पंचावन्नच्या पुढचे. ज्यांनी खाणंही आवरलं आणि व्यायामही केला, त्यांचं दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. नुसतं पथ्य किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांना तेवढा फरक पडला नाही. म्हणून मी दोन्ही मागतोय.

आठ किलो एका महिन्यात नाही. आठवड्याला अर्धा किलोही खूप झाला. दिवाळीपर्यंत चार-पाच उतरले तरी मी खूश.

शेजारच्या काकू म्हणतात ना, गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता हलवू नका, ते मनावर घेऊ नकोस. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर होतं सांधा हलला की. बसून राहिलं तर गुडघा जपला जात नाही, आखडतो. सकाळी उठल्यावर पहिली पाच मिनिटं तू भिंत धरून चालतेस आणि मग मोकळी होतेस, ते त्यामुळेच.

सहावीत माझ्या पायाचं प्लास्टर निघालं तेव्हाचं आठवतं? मांडी काडीसारखी झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पायाला वजन बांधून उचलायला लावा. तू बाबांच्या जुन्या खाकी पँटचा पाय कापून पिशवी शिवलीस, गोदाकाठची वाळू भरलीस, वर नाडी. रोज संध्याकाळी पंचवटीतल्या त्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत, मला पलंगावर निजवून तू मोजायचीस आणि मी सातवर आल्यावर रडायचो. तू म्हणायचीस, "रड, पण पाय खाली ठेवू नकोस." आणि मग गूळ-शेंगदाणे. त्या दिवसांत मला कडेवर घेऊन तू तो उभा लाकडी जिना चढायचीस, आणि मी काही लहान नव्हतो. तुझ्या गुडघ्यांनी आमचं पुष्कळ उचललंय, आई.

फिजिओ बाई काय करून घेतील ते आधी सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला नको. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत. मांडीच्या पुढचा स्नायू घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. मग उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा आणि दुसरा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा, तिथेच धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. पहिला आठवडा एवढंच. पुढे पायाला बांधायला अर्ध्या किलोची पट्टी मी कुरिअरने पाठवलीय. वाळू भरायची गरज नाही. नंतर खुर्चीतून हात न टेकता उठणं. त्यासाठी जेवणाच्या टेबलाची उंच खुर्ची घ्या, सोफा नको, सोफ्यातून उठताना गुडघ्याचा जीव जातो.

दुखेल. थोडं दुखलं तर चालेल असं त्या बाईही सांगतील. व्यायामानंतर ठणका लागला आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिला, तर समज जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं. सोडून द्यायचं नाही. तू सोडून देतेस.

चालायला एकदम तासभर नको. सकाळी दहा मिनिटं, दुपारी चहानंतर दहा, संध्याकाळी दहा. पाऊस असेल तेव्हा खालच्या पार्किंगमध्ये. बाबांबरोबर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जायचंच असेल तर बाबांनी तिच्या चालीने चालायचं, पुढे जाऊन बाकावर वाट बघत बसायचं नाही. काठी घ्यायची लाज वाटते म्हणतेस, पण काठी घेतलीस तर ती डाव्या हातात. उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून काठी डाव्या हातात. उलट वाटतं, पण तसंच असतं. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा खाली, आणि कठडा धरून. घरात ती झिजलेली रबरी स्लीपर आता टाकून दे, ताई नवीन आणतेय.

तुझ्या रोजच्या गोष्टींना मी हात लावत नाहीये, एवढं लक्षात ठेव. सकाळचा आल्याचा चहा राहील, साखर एक चमचा. भजनी मंडळ राहील, फक्त तू खुर्चीवर बसशील. मी तुझ्या मंडळातल्या जोशी काकूंशी बोललोय, त्या म्हणाल्या, निम्म्या जणी खुर्चीवरच असतात. देवाला उंच चौरंगावर घ्यायचं, म्हणजे पूजेला मांडी घालून बसावं लागणार नाही. पोथीही खुर्चीवरच. देव काही रागवत नाही. रात्रीची मालिका चालू दे, उलट जाहिरात लागली की उठून दोन मिनिटं घरात फिर.

पण उपासाचं मात्र बोलणार आहे. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, नवरात्र, हे सगळं कर, पण साबुदाणा आवर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा पिष्टमय पदार्थ, प्रथिनं नावाला, आणि वरून तूप आणि मूठ-मूठ दाण्याचा कूट. उपासाच्या दिवशी तू एरवीपेक्षा जास्त खातेस, हे मी नाही, बाबा म्हणतात. भगर आणि ताक घे, राजगिऱ्याची भाकरी, दही, एखादं फळ. खिचडी एकादशीला वाटीभर. आणि एरवीच्या जेवणात मोड आलेले मूग, मटकी, वाटीभर दही रोज हवं. वजन उतरताना प्रथिनं कमी पडली तर चरबीऐवजी मांडीचा स्नायूच झिजतो, मग सगळी मेहनत पाण्यात. पोळ्या चारच्या दोन, भाकरी आवडते तर एक भाकरी. भात आधी वाढून घ्यायचा, मधे परत घ्यायचा नाही. आणि उरलेलं संपवायचं नाही. उरलं तर फ्रीजमध्ये, नाहीतर गाईला. तेलाचा डबा मी मोजणार आहे: दोघांना महिन्याला एक लिटर पुष्कळ झालं.

आता बाबा. तुमच्यावर तीन कामं. एक, मेडिकलमधून न विचारता आणलेली ती लाल पट्टीची दुखण्याची गोळी घरातून बाहेर. आईला बीपीची गोळी चालू आहे. दोन्ही एकत्र रोज घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, बीपीही वाढतं. दुखलंच तर डॉक्टरांनी सांगितलेली, आणि लावायचा जेल. दुसरं, संध्याकाळच्या फेरफटक्यानंतर कचोरीची पुडी आणायची नाही. "तुझ्यासाठीच आणली" हे वाक्य तर अजिबात नको. तिसरं, दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, तिचं वजन वहीत लिहून मला पाठवायचं. त्याच वहीत तुमचंही. हो, तुमचंही.

गुडघा अचानक सुजला, लाल झाला, गरम लागला, बरोबर ताप आला, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर मला फोन करून वाट बघत बसू नका. आधी रिक्षा, मग डॉक्टर, मग फोन.

मी तिथे नाही, हे माझ्या डोक्यात सतत असतं. ही म्हणते, त्यांना इकडे घेऊन ये. पण तुमचं मंडळ, तुमची भाजीवाली, बाबांचं वाचनालय हे सगळं सोडून तुम्ही इथे चौदाव्या मजल्यावर काय करणार? म्हणून मी तिथल्या तिथे जे करता येईल ते केलं. रागावणार असाल तर रागवा, पण सोमवारी दार उघडा. बाईंना पहिल्या दिवशी चहाबरोबर चिवडा देऊ नका, त्या व्यायाम करून घ्यायला येतायत.

आई, नवरात्रात गडावर जायचं म्हणतेस. २०१८ पासून सप्तशृंगीला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पाचेकशे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. ट्रॉलीनेच जाऊ, गर्दी ओसरल्यावर, कोजागिरीच्या नंतर. मी रजा टाकलीय. पायऱ्यांचा नवस बोलली असशील तर माझ्या नावावर लिही, मी चढतो.

चि. तुम्हाला नमस्कार सांगतोय. त्याला आजीच्या हातचे थालीपीठ हवे आहे. तव्यावर तेल कमी घालून शिकव त्याच्या आईला, व्हिडिओवर.

तुमचा,
दादू

ता. क. बाबा, वजनाचा आकडा फक्त मला कळवा, ताईला नको. ती मावशीला सांगेल आणि दुपारपर्यंत तो सगळ्या गोतावळ्यात पोचेल.