न्हाणीच्या दाराजवळचा डाग

पुणे
व्हडल्या दिवाळीनंतरचा (तुळशीच्या लग्नानंतरचा) सोमवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शुभाचा साष्टांग नमस्कार.

पत्र लांबणार आहे. फोनवर तुमच्या म्हातारपणाचा विषय काढला की बाबा, तुमची रेंज जाते आणि आई, तुझी फोडणी करपायला लागते. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, चष्मा लावून तू स्वतः वाच. बाबांनी वाचून दाखवलेले चालणार नाही, ते मधले मधले गाळतात.

चवथीला आले होते तेव्हाची गोष्ट. गणपतीवरच्या माटोळीला बांधायला दादा सुपारीचे घोस निवडत बसला होता आणि मी हात धुवायला न्हाणीकडे गेले. दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीवर, कमरेच्या जरा वर तळहाताएवढा तेलकट डाग दिसला. चुन्यावर बोटांच्या जागा वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, अंगठ्याची सगळ्यांत काळी. तुला विचारले तर म्हणालीस, "पावसाची ओल ती." ओल खालून वर चढते गं, आणि तिला बोटे नसतात. मग पुढचे तीन दिवस मी काही न बोलता बघत राहिले. उंबरठ्याशी आलीस की उजवा हात भिंतीला, एक श्वास, मग डावा पाय पलीकडे, आणि त्यामागून उजवा. दिवसातून दहा-बारा वेळा. एवढा डाग पडायला किती महिने लागले असतील, याचा हिशेब मी परतताना चोर्ल्याच्या वळणांवर करत होते. झोप काही लागली नाही.

बाबा, तुमचेही एक लक्षात आले. विजेचे बिल तुम्ही दोनदा भरले होते. त्याचे काही नाही, मीही भरते. पण दुसरी पावती कुणी बघू नये म्हणून ती पंचांगात घातलीत, ते मला लागले.

आत्याचे सगळे आपण डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेते. झटका आला त्या सकाळपर्यंत ती स्वतः विहिरीवर पाणी काढत होती. त्यानंतर अडीच वर्षे अंथरुणात. तिला मागच्या खोलीत ठेवले, कारण ती न्हाणीला जवळ. तिथे खिडकी होती ती गोठ्याकडची. डाव्या हाताने ती सारखी दाराकडे दाखवायची. कुणी म्हणे पाणी हवे, कुणी म्हणे देवाला नमस्कार करायचा आहे. सात महिन्यांनी घर रंगवायला काढले तेव्हा खाट चार दिवस सोप्यावर आणली, आणि तिने दाखवणे बंद केले. तिला रस्ता बघायचा होता. सकाळी सायकलचा पोंऽऽ वाजवत पाववाला पदेर येतो, शाळेची पोरे जातात, तेवढेच. रंग वाळल्यावर खाट परत मागे गेली. का गेली, हे आज कुणाला सांगता येत नाही. सोय म्हणून गेली असेल.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात नळ्या घालायच्या की नाही, यावरून तिच्या तिन्ही मुलांची व्हरांड्यात भांडणे झाली. आत्याच्या मनात काय होते, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हते. तिघेही तिच्यावर माया करणारे. आता एकमेकांच्या घरच्या चवथीलाही जात नाहीत.

मला तुमच्याकडून हवे आहे ते एवढेच: तुमचे तुम्ही ठरवा, आत्ता, धडधाकट असताना. मी आणि दादा त्याप्रमाणे वागू.

पहिले पैशांचे. बाबा, "आपल्याकडे कार्ड आहे" असे तुम्ही म्हणता. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मानचे वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इस्पितळाचा खर्च त्यातून होतो. तुम्ही ७४ चे, तुमचे झाले ते उत्तम. आईला ७० पूर्ण झाली की तिचे मी करून घेईन, आधार कार्डावर होते. पण हे सगळे इस्पितळात दाखल झाल्यावरचे. मेडिक्लेमचेही बहुतेक तसेच. बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणल्यावर जे लागते, म्हणजे दिवसाची बाई, रात्रीची बाई, हवेची गादी, डायपर, त्याला यातले काहीच लागू पडत नाही. आत्याकडे दोन बायकांचे मिळून महिन्याला चौतीस हजार जात होते. शिवाय दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीची बाई झोपून गेली त्या एका महिन्यात तिच्या माकडहाडाशी जखम झाली. ती अखेरपर्यंत भरली नाही.

आणि बाबा, तुमच्या पेन्शनवर घर चालते, ते तुम्ही असेपर्यंत. तुम्हांला शेवटच्या मूळ पगाराच्या ५० टक्के बसले. तुमच्या माघारी आईला ३० टक्क्यांनी मिळेल. म्हणजे दहातले चार रुपये गेले. बाई मात्र एका माणसाला लागते तेवढीच लागते, पगार तोच. (तुम्हांला ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, तेवढ्यासाठी तरी सकाळचे चालणे सोडू नका.) म्हणून कुळागराचे जे येते ते आमच्यासाठी बाजूला टाकू नका. सुपारीचे पैसे वेगळ्या ठेवीत घाला आणि ती ठेव आईच्या अंथरुणाची समजा. लागली नाही तर बरेच. मला त्यातले काही नको, आणि दादाला मी विचारले आहे, तोही हेच म्हणाला.

आता घराचे. घर आत्ताच दादाच्या नावावर बक्षीसपत्र करून मोकळे व्हायचे तुमच्या डोक्यात आहे. करू नका. एक तर ते एकट्याच्या सहीने होणार नाही. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज संहितेपासून लग्नात वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोचे सगळे सामाईक, त्यातले निम्मे आईचे. आईला तुम्ही कधी विचारलेत? मृत्युपत्र करायचे तर जरूर करा, आपल्याकडे ते स्पेशल नोटरीपुढे होते. मात्र आपल्या हिश्श्यातल्या निम्म्याचीच वाट मनासारखी लावता येते, उरलेले मुलांचे, त्यात मुलगा-मुलगी सारखी. ते तुमच्यानंतरचे झाले. जिवंतपणी घर हातातच ठेवा. द्यायचेच झाले तर "आमचा सांभाळ करायचा" ही अट कागदात लिहून द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात २३ वे कलम आहे. अट पाळली नाही तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते देणे रद्द करून घेता येते. दादा तसा नाही, हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. पण दादा वर्षातले आठ महिने बोटीवर असतो, आणि वहिनी म्हापशाला मुलांच्या शाळेत अडकलेली. तुमचे करायचे ते वहिनीने, असे आपण सगळ्यांनी मनात धरले आहे. तिला मात्र आजपर्यंत कुणी विचारलेले नाही. मीही नाही.

दादाला तुम्ही मुखत्यारपत्र दिले आहे आणि त्यावर तुम्ही निर्धास्त आहात. मीही होते. इथल्या एका वकीलबाईंनी मला सांगितले तेव्हा कळले, की देणाऱ्याचे मनावरचे भान गेले तर साधे मुखत्यारपत्र त्याच वेळी संपते. म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, त्याच दिवशी तो नुसता कागद. मग कोर्टात जाऊन पालक नेमून घ्यायची वेळ येते. त्यापेक्षा पेन्शनचे खाते आईबरोबर जोडखाते करा, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असे. ठेवींवर दुसरे नाव माझे किंवा दादाचे घाला, नॉमिनीचे नाव प्रत्येक ठिकाणी आहे का ते तपासा. आणि आई, एटीएम तू चालवायला शीक. तू गॅसचे बुकिंग मोबाइलवर करतेस, म्हणजे तुला हेही जमेल. बाबा "तिला कशाला त्रास" म्हणतील. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तिसरे लिहायला मला चार दिवस लागले. बाबा, ती दुसरी पावती ज्या पंचांगात होती, त्याच पानात एक कात्रणही होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये आपले वैद्यकीय इच्छापत्र केले, त्याची बातमी. गोव्यात तसे नोंदवणारे ते पहिले. तुम्ही खाली लाल शाईने रेघ मारली होती, शाळेच्या वह्यांत मारायचात तशी, पट्टी लावून. म्हणजे तुमच्याही मनात हा विषय आहे. मग एकट्याने का घोळवता?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे मान्य केले आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. आजार बरा होण्यासारखा नाही आणि आपल्याला बोलताही येत नाही, अशा वेळी कोणते उपचार नकोत ते त्यात लिहायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावे द्यायची, एकापेक्षा जास्त दिली तरी चालतात. तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळे तपासून मत देतात, कुणी लगेच नळी काढायला धावत नाही. आणि मन बदलले तर कागद बदलता येतो. तुमच्या कागदात मला किंवा दादाला घाला, दोघांनाही घाला, किंवा तुमच्या भजनी मंडळातल्या कुणाला घाला. मला राग येणार नाही. व्हरांड्यात भांडायला मात्र लावू नका.

आई, आता फक्त तुझ्याशी बोलते. काहीही विचारले की तू म्हणतेस, "बाबा सांगतील तसे." आजीला सहा वर्षे तू उचलून न्हाणीत नेलीस. तेव्हा तू चाळिशीत होतीस, आणि ती हाडांची मोळी झाली होती. पेज गाळून, गार करून, चमच्याने भरवायला तुला पाऊण तास लागायचा. मी शाळेत जाताना सुरू व्हायचे, दप्तर भरून, वेणी घालून निघाले तरी संपलेले नसायचे. माणूस अंथरुणाला खिळल्यावर काय काय लागते, हे या घरात सर्वांत जास्त तुला कळते. म्हणून मला बाबांचे नको, तुझे म्हणणे हवे आहे. तुझी खाट कुठे असावी? परक्या बाईने अंघोळ घातलेली चालेल की जीव जाईल? बाबा आधी गेले तर त्या घरात एकटी राहशील, की माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर येशील, जिथे अंगण नाही आणि तुळस कुंडीत आहे?

मी नोकरी सोडून तिकडे येईन, असे लिहिणार नाही. लिहिले तर तुम्ही विश्वास ठेवाल आणि मी येणार नाही. वर्षातले तीन महिने मी तिथे बसून काम करू शकते. ऑफिसात बोलले आहे, वायफाय नीट बसवून घ्यावे लागेल. महिन्याला पंधरा हजार जानेवारीपासून तुमच्या त्या वेगळ्या ठेवीत घालेन, आज गरज नसली तरी. बाबा, तुम्ही रागात "टाका आम्हांला प्रोव्हेदोरियाच्या वृद्धाश्रमात" म्हणता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे म्हणूनच म्हणता. पण मी खरेच म्हणते, जानेवारीत एखादे वृद्धाश्रमाचे घर तिघांनी बघून येऊ या. सरकारी, खाजगी, कुठलेही. राहायला नव्हे, बघायला. न बघता भीती घालायला ते सोपे पडते, तुम्हांलाही आणि मलाही.

न्हाणीचे मात्र जानेवारीपर्यंत थांबवायचे नाही. दादाच्या ओळखीचा साखळीचा गवंडी गुरुवारी येईल. उंबरठा काढायचा आहे. पाणी बाहेर येईल म्हणून बाबा अडवतील, त्यांना सांग की आत उतार देणार आहेत. दार बाहेर उघडेल असे करायचे, कारण आत कुणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडी बाहेरून काढता येईल अशी. खाली खरखरीत फरशी, गुळगुळीत दाखवली तर परत पाठव. धरायचे दोन दांडे: एक कमोडच्या बाजूला, एक दाराजवळ. टॉवेलची दांडी लावून वेळ मारून नेतात, ती चालणार नाही, अंगाचा भार आला की उखडते. चिऱ्याच्या भिंतीत आखूड स्क्रू धरत नाहीत, लांब बोल्ट घालायला सांगितले आहेत. खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रीचा बारका दिवा मी कुरिअरने पाठवला आहे, दोन आहेत.

गवंडी आधी भिंत खरवडून चुना काढायला बघेल. त्याला चहा दे आणि सांग, की दाराजवळचा तो डाग आधी पुसायचा नाही. दांडा कोणत्या उंचीवर बसवायचा, ते त्यावरूनच मोजायचे आहे.

तुमची,
शुभा