फॉर्म्युला लांबला असेल तर आधी शीट तपासा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

खात्यांकडून माहिती भरायला येणाऱ्या एक्सेलच्या प्रपत्रांबद्दल हे पत्र आहे. त्यातला एखादा रंगवलेला सेल उघडा. इफच्या (म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ सांगणाऱ्या फंक्शनच्या) पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी एक, आणि शेवटी कंसांची रांग. एक्सेल अशा 64 पातळ्या चालवून घेतं, फॉर्म्युला 8,192 अक्षरांपर्यंत लांबू देतं. लिहिणाऱ्याची बदली होऊन जाते आणि मग त्या सेलला हात लावायची कोणाची छाती होत नाही. दर बदलला की शेजारी नवा रकाना काढून आकडा हातानं टाकला जातो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे प्रगत एक्सेलचं प्रशिक्षण. माझ्या मते तो रोगापेक्षा वाईट आहे, कारण त्यातून आणखी हुशार फॉर्म्युले लिहिणारी माणसं तयार होतात. फॉर्म्युला लांबतो तो बहुतेक वेळा शीटची मांडणी चुकलेली असते म्हणून.

दरांचंच घ्या. अमुक मर्यादेपर्यंत हा दर, त्यापुढे तो, असे दहा-बारा टप्पे फॉर्म्युल्यात कोंबलेले असतात. ते बाहेर काढून वेगळ्या शीटवर दोन रकान्यांत ठेवा : टप्प्याची खालची मर्यादा आणि दर. मर्यादा चढत्या क्रमानं लावल्या की अंदाजे जुळणी करणारा एक व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातली योग्य ओळ शोधून तिथला दर आणणारं फंक्शन, पुरतो. (क्रम चुकला तर तो मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतो, तेवढं सांभाळावं लागतं.) दर बदलला की तक्त्यातला एक सेल बदलायचा. शिवाय तो तक्ता साहेबांना छापून दाखवता येतो, त्यावर सही घेता येते. इफच्या साखळीवर सही कोण करणार?

उरलेला हिशोबही एका सेलमध्ये उरकायचा हट्ट नको. पात्र रक्कम, दर, वजावट, देय रक्कम असे चार रकाने केले तर चूक कुठे झाली ते डोळ्यांनी दिसतं. नव्या एक्सेलमध्ये लेट हे फंक्शन आहे, त्यात मधल्या पायऱ्यांना नावं देता येतात. पण जुन्या आवृत्त्यांत ते चालत नाही, म्हणून प्रपत्रात मी साधे रकानेच पसंत करीन.

बारा महिन्यांच्या बारा शीट हा दुसरा घोळ. वर्षाची बेरीज काढायला बारा नावं जोडावी लागतात आणि एका शीटवर कोणी ओळ घुसवली की सगळं सरकतं. एकच शीट, एका नोंदीला एक ओळ आणि तारखेचा रकाना. एवढं असलं की पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींचा आपोआप गोषवारा करणारी एक्सेलची सोय, हवा तो महिना काढून देतं. मर्ज केलेले, म्हणजे जोडून एक केलेले सेल तर बंदच करावेत. त्यांत मजकूर फक्त डाव्या-वरच्या सेलमध्ये राहतो, बाकीचे रिकामे, त्यामुळे सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही बिघडतात.

हे किरकोळ वाटत असेल तर 2020 मधलं इंग्लंड आठवा. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांची माहिती जुन्या एक्सएलएस स्वरूपात ओतली जात होती. त्यात 65,536 ओळींपलीकडे जागा नाही, त्यामुळे पुढच्या नोंदी गळाल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबरदरम्यान कोरोनाचे 15,841 रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या सरकारी कर्जावरच्या शोधनिबंधात तर साधी सरासरी चुकली होती. फॉर्म्युल्याची व्याप्ती पाच ओळी आधीच थांबली आणि 20 पैकी पाच देश वगळले गेले. निष्कर्षावरच्या आक्षेपांपैकी हा एक. दोन्ही ठिकाणी फॉर्म्युला अवघड नव्हताच. आकड्यांना जागा कशी दिली, तिथे घोटाळा होता.

म्हणून विनंती अशी : प्रपत्र पाठवण्यापूर्वी ते न बनवलेल्या कर्मचाऱ्यानं तपासावं. प्रत्येक फॉर्म्युला त्याला मोठ्यानं, एका वाक्यात सांगता आला पाहिजे. नाही आला तर प्रपत्र परत जावं. माहिती भरायची शीट, दरांची शीट आणि वर पाठवायचा गोषवारा, तिन्ही वेगळे असावेत. दर कोणत्या तारखेपासून लागू आहेत ते दरांच्या शीटवरच लिहिलेलं असावं. आणि शीटला पासवर्ड लावलाच, तर तो पुढच्या माणसाच्या हाती सोपवल्याशिवाय आधीच्याला कार्यमुक्त करू नये.

आपला नम्र,
प्रपत्रं भरणारा एक लेखा कर्मचारी