कर्करोग तपासणी शिबिर : वर्गणी द्या, आणि घरच्या बायकांना पाठवा

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि पुण्या-मुंबईला असलेली गावची मंडळी, सप्रेम नमस्कार.

तुरीची रास झाली की मंडळाचं शिबिर यंदाही घ्यायचं ठरलं आहे. पण गेल्या सालच्या मंडपाचंच देणं अजून फिटलेलं नाही, म्हणून घाईने हे पत्र.

आधी ज्यांचे उपकार आहेत त्यांची आठवण. पहिल्या शिबिराला बार्शीच्या आडत बाजारातल्या आपल्या काकांनी जीपचं डिझेल घातलं. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. शाळेच्या निवृत्त बाईंनी पेन्शनमधून कापड आणलं आणि रात्री जागून पडदे शिवले. आजही तेच लावतो. आशाताई वस्त्या-वस्त्या पायी फिरल्या. दूधवाल्या भाऊंनी चहाच्या दुधाचा कधी पैसा घेतला नाही.

या कामात आपला भाग साधासुधा नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे गावोगावच्या कर्करोगाच्या पेशंटची नोंद ठेवण्याचं काम, 1987 साली बार्शीतच सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव बसून लक्षणं समजावत, आणि तेवढ्या बोलण्यानेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आजार वाढण्याआधी दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. एचपीव्हीची (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) तपासणी एकदा जरी केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 साली जगाला कळलं ते आपल्या या आयाबहिणींमुळे.

आणि आपल्याच गावात? गेल्या वर्षी एका वहिनींनी ओठ ओढून दाखवला. आत हिरडीला पांढरा चट्टा, मिशरीची (भाजलेल्या तंबाखूची) डबी कमरेलाच. "दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?" दुखत नाही तेव्हाच दाखवायचं असतं, हे सांगेपर्यंत बाहेरून सासूबाईंची हाक आली आणि त्या उठून गेल्या. पाळी जाऊन वर्षं लोटल्यावर पुन्हा लाल जातं, तेही बायका उष्णता म्हणून अंगावर काढतात. एका घरी तर पेशंटचं ताट-तांब्या वेगळं मांडलेलं पाहिलं. कर्करोग उष्ट्याने लागत नाही हो!

मनाला लागलं ते सांगतो. ज्या दारांतून गणपतीची वर्गणी न मागता येते, तिथेच शिबिराची पावती काढली तर "सकाळी सकाळी ते नाव नका घेऊ" असं ऐकावं लागलं. मंडप निम्मा रिकामा राहिला. तालुक्याहून आलेल्या सिस्टर दुपारभर नुसत्या बसून होत्या, त्यांच्याकडे बघवेना.

यंदाचा खर्च : वस्त्यांवरून ने-आण करायला जीप, मंडप, पत्रकं, चहा-पोहे, आणि ज्यांच्या तपासणीत काही निघेल त्यांचं सोबतीसह बार्शीचं जाण्या-येण्याचं भाडं (मागे तीन बायका याच भाड्यापायी राहिल्या). 51 रुपयांपासून कितीही, धान्य किंवा डिझेलही चालेल. पावती मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी 6 ते 8; बाहेरगावच्यांनी वर्गणी घरच्यांकडे पाठवावी. तारीख पारावरच्या फळ्यावर लागेल. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, तिन्ही तपासण्या 30 वर्षांपुढच्या बायकांना मोफत. तंबाखू खाणाऱ्या पुरुषांनीही तोंड दाखवावं. बायकांना डॉक्टरबाई आणि सिस्टरच तपासतील, पडद्याआड. कुणाचं काय निघालं ते बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द.

पावती फाडताना आईचं, बायकोचं, सुनेचं नाव यादीत लिहा, आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावू नका.

आपला,
चिटणीस