मांगरातला डबा

वाळपई, सत्तरी
श्रावण, रात्र

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबांना हे फवारणीमुळेच झालं का रे?" आणि मी विषय पावसावर नेला. बाबा समोरच झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्यासमोर काय बोलणार?

चार किमो झाल्या, दोन राहिल्या. पेज मागून घेतात, म्हणजे बरं चाललंय. आजार नॉन-हॉजकिन लिंफोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग.

आई दोष देते बोर्डो मिश्रणाला. पण ते चुना नि मोरचूद, पोफळीच्या कोळेरोगावरचं, कीटकनाशक नव्हेच. माझं मन अडकलंय ते मांगरातल्या पांढऱ्या पावडरीच्या डब्यात. आठवतो ना? आपण हात लावला म्हणून आजीने दोघांनाही बदडलं होतं. बी.एच.सी. पावडर! बाबा वाळवीसाठी ती माडाच्या खड्ड्यांत उघड्या हातांनी टाकायचे आणि त्याच हातांनी विडी ओढायचे. तिच्यातल्या मूळ बी.एच.सी.त दहा-पंधरा टक्के लिंडेन असतं, किडे मारणारा भाग तोच. आपल्याकडे बी.एच.सी.वर १९९७ मध्ये बंदी आली. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेनला पहिल्या गटात टाकलं: माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा. आणि कर्करोग कुठला, तर नेमका नॉन-हॉजकिन लिंफोमा. वाचलं तेव्हा हातपाय गार पडले.

मग धीर करून पुढचं वाचलं. अमेरिका-कॅनडातल्या शेतीवरच्या अभ्यासांत लिंडेनशी संबंध आलेल्यांत हा धोका साठ टक्क्यांनी जास्त दिसला. मी आधी शंभरातल्या साठांना होतो असं समजलो होतो! तसं नाही. इतरांत जिथे दहा रुग्ण, तिथे यांच्यात सोळा. त्या सोळांपैकी दहा जणांना पावडर नसतीच तरी झाला असता, आणि बाबा कुठल्या गठ्ठ्यात ते कुणी सांगू शकत नाही. गटांचंही तसंच. त्याच वर्षी मॅलाथिऑन आणि डीडीटी ही कीटकनाशकं 'बहुधा कर्करोगकारक' गटात गेली, लाल मांसही त्याच गटात. पुरावा किती भक्कम एवढंच गट सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात १९९३ पासून फवारणी करणाऱ्यांचा एक मोठा अभ्यास चालू आहे. तिथे आधी विचारलं, काय मारता, किती मारता. आणि मग कुणाला काय होतं याची वर्षानुवर्षं वाट पाहिली. आमच्या घरात सगळं उलटं झालंय. आधी आजार आला, आता जो तो आठवणी उकरतोय. काका म्हणतो पावडर मुठीने टाकायचे, आई म्हणते चिमटीने. मला तर बाबांच्या शर्टाला तो वास यायचा असंही आठवतं, आणि हे खरंच आठवतंय की गेल्या तीन महिन्यांत मीच जुळवलंय, याची खात्री देता येत नाही.

काल बाबांनीच विचारलं, "त्या पावडरीमुळे काय रे?" म्हटलं, असू शकेल, पण नक्की सांगता येत नाही. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा सोसायटीतच मिळायची ती."

डबा अजून मांगरात आहे, गंजलेला, अर्धा भरलेला. पुरायचा विचार होता, पण हे द्रव्य मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि विहीर वीस पावलांवर. तुझ्या मेहुण्याला जुनी औषधं कुठे जमा करतात ते विचारून कळव. तोवर मांगराला कुलूप लावलंय. चवथीला येशील तेव्हा मुलांना तिकडे सोडू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू