लंडनहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं, तेव्हा आई, काळजी करू नकोस.

बाबा, "पोरांशी खेळायला एवढ्या लांब कशाला?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते. मी इथे लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करतेय, आणि त्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, ॲना फ्रॉइड, याच शहरात राहिल्या. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांची ही धाकटी लेक मुळात व्हिएन्नातली प्राथमिक शिक्षिका. १९३८ मध्ये नाझींमुळे म्हाताऱ्या वडिलांसह देश सोडून त्या इथे आल्या. त्यांचं हॅम्पस्टेडमधलं घर मी पाहून आले. आता ते संग्रहालय आहे, त्यांचा हातमाग अजून तिथे आहे.

युद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा त्यांनी आपल्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासोबत मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. बॉम्बपेक्षा आईपासून तुटल्यानंच मुलं जास्त खचतात, हे त्यांनी तिथे टिपलं. मग मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच हक्काची ताई दिली. लगेच रडारड, हट्ट, हेवेदावे सुरू झाले! पण त्याच मुलांची वाढही झपाट्यानं होऊ लागली. बाबा, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. खेळ नाही हो हा.

इथे मूल बालवाडीत घातलं की आईसुद्धा जाते. आधी वर्गातच बसते. मग दाराबाहेर, मग थोडा वेळ बाहेर जाऊन परत. मूल रमेपर्यंत असंच चालतं. आणि निघताना मुलाला सांगूनच निघते, नजर चुकवून पळत नाही. मूल रडलं तरी सांगूनच. मला आधी हा सगळा वेळेचा अपव्यय वाटला होता. चिनू जूनपासून जाणार ना? वहिनीला असंच करायला सांगा. बाईंनी नाही म्हटलं तरी दारापाशी तरी थांबू द्या म्हणावं.

फीचा हप्ता भरला, शिष्यवृत्तीत भागलं. बाबा, तुमच्या फंडाला हात लावू नका. डोळ्याचं ऑपरेशन आधी. त्या वेळी मी तिथे नसेन, दादाला रजा काढायला सांगितलंय. दिवाळीलाही जमणार नाही. फराळ पाठवू नकोस आई, कुरिअरला फार पडतात.

साताऱ्याच्या स्थळाला नकार कळवू नका. मी त्यांच्याशी बोलेन. पण कोर्स संपेपर्यंत तारीख धरायची नाही, आणि लग्नानंतरही मी हेच काम करणार, हे आधीच सांगून ठेवा.

तुमची,
मीनू