गुंडाळलेल्या पेपरचा फटका नको

माननीय संपादक महोदय,

आमच्या सुदामा नगरच्या गल्लीत गेल्या दोन महिन्यांत, हौसेनं आणलेली कुत्र्याची दोन पिल्लं पुन्हा रस्त्यावर सोडली गेली. दोन्ही घरांनी कारण एकच सांगितलं, ‘चावतं हो, आणि घरभर मुततं.’ त्यातल्या एकाच्या गळ्यात लाल पट्टा अजून तसाच आहे. रोज संध्याकाळी ते त्याच फाटकापाशी जाऊन बसतं. राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मीही चुकले आहे, ते आधी सांगते. डिसेंबरात आमच्याकडे तांबी आली, गावठी, जेमतेम सहा आठवड्यांची. माझ्या साडीच्या निऱ्या धरून लोंबकळायची, नातवाचे हात ओरबाडून ठेवायची. कुणीतरी म्हणालं, पेपरची गुंडाळी करून एक फटका द्या, लागत नाही, नुसता आवाज होतो. मी दिला. चावणं काही थांबलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर पेपर पडला की तांबी दिवाणाखाली शिरायची आणि भीतीनं तिथेच मुतायची.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी नीट समजावलं. पिल्लाचे 28 दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावायला लागतंच. शिवाय किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं, म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. तांबीचं हे शिक्षण अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करणं आमच्यावर आलं.

तिनं निऱ्या धरल्या की मी जागच्या जागी उभी राहू लागले. ओढाओढ केली की तिला तो खेळ वाटतो. कापड हललंच नाही तर चार क्षणांत सोडते, आणि सोडलं की लगेच गाठ मारलेलं जुनं फडकं तिच्या तोंडात. तेच फडकं ओलं करून फ्रीझरमध्ये ठेवलं की हिरड्यांना गार लागतं. फक्त आपण समोर बसायचं, धागे गिळू द्यायचे नाहीत. हातावर दात लागले तर झटकायचं नाही, ओरडायचं नाही. मुकाट्यानं उठून दाराआड जायचं, वीस सेकंदांत परत यायचं. संध्याकाळी सातला ती सैरावैरा धावायची, तेव्हा आम्ही आणखी खेळवून दमवायचो. खरं तर ती झोपेला आलेली असे. या वयाची पिल्लं दिवसाचे 18 तास झोपतात. कोपऱ्यात गोधडी घालून दिवा मालवला की दहा मिनिटांत घोरायला लागायची.

आपलं इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, पण पिल्लू घरात मुतलं तर ती जागा पुसायला फिनाइल कामाचं नाही. आपल्या नाकाला वास गेला तरी तिच्या नाकाला तो येतोच, आणि ती त्याच जागी पुन्हा बसते. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरावं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं; जागेवर केलं की तिथल्या तिथे उकडलेल्या अंड्याचा तुकडा. घरात आल्यावर दिलेलं बक्षीस कशाचं ते तिला कळत नाही. नाक घासणं तर अगदीच नको. त्यानं ती फक्त लपून करायला शिकते.

आमच्या घरात आणखी एक गोंधळ होता. मी म्हणायची ‘बस’, सून ‘बैठ’, नातू ‘सिट’. त्यात कामाच्या बाई ताटात वाढताना हिंदीत ‘बस, बस’ म्हणाल्या की तांबी खाली बसायची. शेवटी सगळ्यांनी ‘बैठ’वर एकमत केलं, आणि आठवड्यात फरक पडला.

पिल्लू गुरगुरलं तरी मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती मारून बंद केली तर पुढे ते न सांगता चावतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस चुकवू नका, आणि दात लागून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरचंच पिल्लू आहे म्हणून बसून राहू नका.

लाल पट्टेवाल्याच्या घरी मी काल जाऊन आले. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. रविवारी तांबीला घेऊन पुन्हा जाणार आहे. ती आता सात महिन्यांची आहे, माझी बोटं तोंडात असली तरी दाबत नाही. पण सकाळी ओट्यावर पेपर पडल्याचा आवाज झाला की अजूनही तिचे कान मागे जातात.

आपली एक वाचक,
निवृत्त शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर