वरच्या खोलीतल्या भाच्याला

प्रिय भाच्या,

खोली पाहायला आलास त्या दिवशीच माझं माहेर यवतमाळचं निघालं आणि तू लगेच मला मावशी म्हणून मोकळा झालास. तेव्हापासून तू भाचाच. मागच्या महिन्यात तू पुण्याला गेलास. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तुझी गादी जिन्यात अडकली होती, आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर मला असलं काही बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. चारचौघांत लिहिते, कारण तू आमच्या घरासाठी जे केलंस ते आणखी कुणाला तरी उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. तुला पाठ असलेल्या गोष्टीही त्यामुळे मी इथे नीट सांगणार आहे.

2023 च्या मे महिन्यातली ती दुपार. ऊन मी म्हणत होतं. कूलर लावून, पडदे ओढून सगळे समोरच्या खोलीत होते. अमरावतीहून जाऊबाई आणि पुतण्या आले होते. पोरांनी व्यापार मांडला. आमच्या लेकीचं, तेव्हा ती नऊ वर्षांची, तासाभरात दिवाळं निघालं. व्यापारात ज्याचे पैसे संपले तो बाद. बाकीचे पुढे दोन-दोन तास खेळतात आणि बाद झालेल्यानं टुकूटुकू पाहत बसायचं. आणि घरात सगळ्यात आधी बाद कोण होतं? सगळ्यात लहान असतं ते. माझ्या लहानपणी ते मी होते. पुतण्या तिच्याच नोटा तिला मोजून दाखवत होता. तिनं पट उलटा केला. नोटा कूलरच्या वाऱ्यानं पार स्वयंपाकघरापर्यंत उडाल्या. मी तिला धपाटा घातला, हे पुतण्यावर ओरडले, जाऊबाईंचा चेहरा उतरला. तू थंड पाण्याची बाटली भरायला खाली आला होतास. दारात थबकलास, मग काही न बोलता खाली बसून नोटा वेचायला लागलास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू एक पेटी घेऊन उतरलास. ‘मावशी, यात कोणी कोणाला हरवत नाही. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.’ पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पॅन्डेमिक. म्हणजे महासाथ.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती हातात घेतली, झाकण वाचलं, खाली ठेवली आणि उठून गॅलरीत गेले. आमच्या सासूबाई एप्रिल 2021 मध्ये गेल्या. ते दिवस नागपूरनं कसे काढले हे नागपूरकरांना सांगायला नको. तू त्यानंतर राहायला आलेला, तुला कुणी काही सांगितलं नव्हतं. तू एकदा गॅलरीकडे पाहिलंस, एकदा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलंस आणि झाकण लावलंस. माफी मागितली नाहीस, खुलासा केला नाहीस. पेटी वर नेऊन ठेवलीस आणि दहा मिनिटांनी तळहाताएवढी दुसरी पेटी घेऊन आलास. भाच्या, माझे पहिले आभार त्या दहा मिनिटांचे आहेत.

त्या छोट्या पेटीत हानाबी होता. हानाबी म्हणजे जपानीत आतषबाजी. शब्दाची फोड केली तर फूल आणि आग, म्हणजे आपली फुलबाजीच म्हण ना. खेळ मात्र एका फ्रेंच माणसानं रचलेला. जर्मनीत दरवर्षी ‘श्पील देस यारेस’ नावाचा मानाचा पुरस्कार देतात, तो 2013 मध्ये या पन्नास पत्त्यांना मिळाला. रंग पाच, आणि प्रत्येक रंगात एकापासून पाचापर्यंत क्रमानं पत्ते लावायचे. एवढंच काम. पण पत्ते उलटे धरायचे. तोंड समोरच्यांकडे, पाठ आपल्याकडे. माझे पत्ते सगळ्या घराला दिसतात, फक्त मला दिसत नाहीत. माझ्या हातात काय आहे ते दुसऱ्यानं सांगायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची: एक तर रंग, नाही तर आकडा. प्रत्येक वेळी सांगितलं की एक निळी चकती खर्च होते. चकत्या आठच. तीन चुका झाल्या की खेळ खलास.

बाबांना तू बोलावलं नाहीस. चौघांचे पत्ते वाटलेस आणि चौथ्या जागी चार पत्ते पालथे ठेवून दिलेस, इतकंच. दहा मिनिटांनी बाबा आत आले, पाणी प्यायले, त्या पत्त्यांकडे पाहिलं आणि बसले.

आता बाबांचं सांगते. बाबा आणि आई चाळीस वर्षं मेंढीकोटचे भिडू होते. समोरासमोर बसायचे आणि आईनं नुसता पदर सारखा केला तरी बाबांना उतारी कळायची, असं सगळी आळी म्हणायची. आई गेल्या आणि पत्त्यांचा कॅट कपाटात गेला. बोलणंसुद्धा ‘वाढ’, ‘झालं’, ‘औषध घेतलं’ एवढ्यावर आलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सवयीनं पत्ते उचलले आणि पंखा करून छातीशी धरले, तोंड आपल्याकडे. लेक ओरडली, ‘आजोबा, पाहिले तुम्ही!’ तू नवे चार दिलेस. परत तेच. तिसऱ्या वेळी बाबांनी दोन्ही हातांनी पत्ते लांब धरले, आरशासमोर फोटो धरावा तसे, आणि म्हणाले, ‘अबे, हे काय उलटंच होऊन राहिलं?’ दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

मग त्यांना बोलावंच लागलं. माझे पत्ते त्यांना दिसत होते, मला नाही. आणि चाळीस वर्षांची मेंढीकोटची मोजणी कुठे जाते? हानाबीत प्रत्येक रंगाचा एक तीनदा असतो, दोन-तीन-चार दोनदा आणि पाच फक्त एकदा. कुठले गेले, कुठले राहिले, सगळं बाबांच्या डोक्यात. एका डावात एकच निळी चकती उरली होती. लेकीच्या हातातला डावीकडचा पत्ता ती पुढच्या चालीत टाकून देणार, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तो पांढरा पाच होता. बाबांनी शेवटची चकती उलटी केली आणि त्या पत्त्याला बोट लावून म्हणाले, ‘हा पाच.’ बस. लेक गप्प झाली. तिचे ओठ हलत होते. मग तिनं तो पत्ता हळूच डावीकडून काढून उजव्या टोकाला खोचला आणि दुसरा टाकला. पाच एकच असतो, तो जपायचा, हे तिचं तिनं जुळवलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मेंढीकोटचा चेहरा! मी मात्र उठून पोळ्यांकडे गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

त्या दिवशी पंचविसातले एकोणीस झाले. पुतण्या मधेच येऊन उभा होता, तोही दुसऱ्या डावात बसला.

दिवाळीत धाकट्या दिरांचा चार वर्षांचा मुलगा आला तेव्हा त्याला यातलं काही झेपेना. तू आणि लेकीनं बुटाच्या खोक्यातून बाग केलीत. मूळ खेळ जर्मन आहे, 1986 चा, झाडावरची फळं कावळा यायच्या आत सगळ्यांनी मिळून तोडायची. चार झाडं, प्रत्येकी दहा फळं, आणि कावळ्याच्या चित्राचे नऊ तुकडे. तुमच्या बागेत संत्री, पेरू, बोरं आणि सीताफळं होती, फळं म्हणून रंगीत मणी, आणि कावळ्याच्या जागी वानर, कारण काटोलकडच्या मामांच्या बागेत वानरंच येतात असं लेकीचं म्हणणं पडलं. ल्यूडोच्या फाशाला माझ्या नेलपॉलिशनं रंग दिलेत, चार बाजूंना चार रंग, एका बाजूला टोपली, एका बाजूला वानर. टोपली पडली की कुठलीही दोन फळं. ‘जिथं जास्त लागले आहेत तिथलेच तोड’, हे बाबा त्या चार वर्षांच्या पोराला इतक्या गंभीरपणे समजावत होते की जणू खरंच तोड चालू आहे. नऊ तुकडे जुळून वानर पुरं झालं तेव्हा तो रडला नाही, वानरावर खूप रागावला. आम्हीही रागावलो. मला ते फार आवडलं, की राग धरायला घरातलं कुणी नव्हतं.

आणि मग 2024 चा उन्हाळा. जेवताना बाबा स्वतःहून म्हणाले, ‘तो साथीचा डबा आहे का रे अजून तुझ्याजवळ?’

मॅट लीकॉक नावाच्या माणसानं पॅन्डेमिक हा खेळ 2008 मध्ये आणला, कोरोनाच्या कितीतरी आधी. जगाचा नकाशा, अठ्ठेचाळीस शहरं, चार रंगांचे चार रोग, प्रत्येकाचे चोवीस ठोकळे. एका शहरात एका रंगाचे तीन ठोकळे झाले आणि चौथा ठेवायची वेळ आली की साथ फुटते, जोडलेल्या प्रत्येक शहरात एकेक ठोकळा जातो. आठव्यांदा फुटली की हरलो. रंगातले ठोकळे संपले तरी हरलो, पत्त्यांची गड्डी संपली तरी हरलो. जिंकायचा रस्ता एकच, चारही रोगांवर औषध. खेळ लहान पोरांसाठी सोपा केलेला असेल असा माझा समज होता, तो पहिल्याच डावात गेला.

लेकीनं आधी नागपूर शोधलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता आहेत, नागपूर नाही. देशाच्या मधोमध झिरो माइलचा दगड आमच्याकडे आणि नकाशावर आम्ही नाही! बाबा रेल्वेच्या कंट्रोलमधून निवृत्त झालेले. दिल्ली-चेन्नई जोडणाऱ्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, ‘जीटी एक्सप्रेस इथूनच जाते. दोन्हीकडे हजारावर किलोमीटर, बरोब्बर मधात.’ लेकीनं माझ्या कपाळाची टिकली काढून त्या जागी चिकटवली.

भूमिका वाटल्या तेव्हा बाबांना डिस्पॅचर आला. त्याला दुसऱ्यांच्या सोंगट्या हलवता येतात. ज्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या त्यांना तोच पत्ता यावा! पण गाड्या सोडल्या त्या मी. घर चालवायची सवय, भाच्या. कुणाचा डबा, कुणाची गोळी, कुणाची फी, सगळं माझ्या डोक्यात असतं, तसाच तो नकाशाही डोक्यात बसला. ‘तू दिल्लीला जा. तू पत्ता तिला दे. बाबा, तुम्ही थांबा.’ मला वाटत होतं मी सगळ्यांना वाचवते आहे. चौथ्या फेरीला लेकीनं सोंगटी माझ्या पुढ्यात ठेवली. ‘आई, माझी पण चाल तूच खेळून राहिली ना. मग तूच खेळ.’

कुणी काही बोललं नाही. तू खेळत नव्हतास, बाजूला नियमांचं पुस्तक घेऊन बसला होतास. तू मला काही सांगितलं नाहीस. बाबांकडे वळून त्यांच्या भूमिकेचा नियम पुन्हा वाचून दाखवलास: डिस्पॅचरला दुसऱ्याची सोंगटी हलवता येते, ज्याची सोंगटी आहे तो हो म्हणाला तर. ‘ज्याची आहे तो’ हे शब्द तू जरा हळू वाचलेस. बाबांनी लेकीला विचारलं, ‘नेऊ का तुला कोलकात्याला?’ ती म्हणाली, ‘नको आजोबा, मी चेन्नईत थांबते.’ मला तिथे चूक दिसत होती. मी जीभ दाताखाली धरली.

दोन फेऱ्यांनी दिल्ली फुटली, तिनं चेन्नईला ढकललं, चेन्नईनं आणखी पुढे, आणि आम्ही हरलो. व्यापाराचा पट उलटवणारी माझी लेक ठोकळे रंगाप्रमाणे वेगळे करत म्हणाली, ‘पुन्हा लावा. आता मी दिल्लीला जाते.’ माझ्या सांगण्यावरून ती दिल्लीला गेली असती तर कदाचित आम्ही जिंकलो असतो. ती मात्र पुन्हा बसली नसती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: ज्याची चाल त्यानं विचारलं तरच बाकीच्यांनी बोलायचं. पटाबाहेर मला तो अजून पूर्ण जमलेला नाही. बाबांच्या गोळ्यांच्या डबीला मात्र मी हल्ली हात लावत नाही. त्यांची ते भरतात, रविवारी सकाळी, चष्मा लावून, आणि आजवर एकही चुकलेली नाही.

कॅरम आम्ही सोडलेला नाही, पुतण्या आणि हे अजूनही एकमेकांची राणी पळवतात. व्यापारही कपाटात आहे. आणि मेंढीकोटचा कॅट गेल्या गणपतीत बाहेर आला. बाबांच्या समोर भिडू म्हणून लेक बसली.

जाताना तू दोन्ही पेट्या फ्रिजवर ठेवून गेलास, चिठ्ठी न लिहिता. सीताबर्डीच्या बाजारात मी दोन-तीन दुकानांत विचारून आले होते, त्यांच्याकडे नव्हत्या, त्यामुळे तू काय सोडून गेलास ते मला कळतं. तरी हे आभार पेट्यांचे नाहीत. तुला कधी बोलायचं नाही ते कळत होतं, त्याचे आहेत.

एक राहिलं. काळ्या रंगाचा चोविसावा ठोकळा आपल्याला गेल्या उन्हाळ्यापासून मिळत नव्हता, तेविसावरच खेळत होतो. काल कूलर हलवला तेव्हा त्याच्या पायाशी सापडला. धुऊन, पुसून पेटीत ठेवला आहे. पोळ्याला येशील तेव्हा मोजून घे.

तुझी,
मावशी